इच्छुक

आज सकाळी भाऊसाहेब घरी आले आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसले. आमच्या गावात पक्षाची उमेदवारी आजवर त्यांच्याच शब्दावर ठरत आली. पंखा चालू असूनही त्यांच्या कपाळावर घाम होता आणि मी तो शांतपणे बघत राहिले.

मागच्या खेपेला नगराध्यक्षपदासाठी मी इच्छुक होते. भर बैठकीत ते म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही हळदीकुंकवाचं बघा, गावाचं आम्ही बघतो." सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसले, याचाच राग अजून जात नाही.

यंदा पद महिलांसाठी राखीव झालंय. मुलाखती घ्यायला पक्षाची माणसं बाहेरून येणार आहेत, आणि भाऊसाहेबांना सून उभी करायची आहे.

"वहिनी, तुम्हीही मुलाखत देणार असं ऐकलं. खरं का?"

खरं तर माझं ठरलेलं नव्हतं. लोक म्हणतात, निवडणूक गावासाठी लढवावी. मी मनात शोधलं. तिथे रस्ते होते, नळाचं पाणीही होतं, पण सगळ्यांत पुढे तो हशा होता. सेवेची इच्छा बोलून दाखवणाऱ्या किती जणांच्या तळाशी असा जुना अपमान साचलेला असतो, कोण जाणे. मला त्याची लाज मात्र वाटली नाही.

"नक्की ठरलंय का तुमचं?" त्यांनी हात जोडले.

"आत्ता ठरलं," मी म्हणाले.

ते उठले. त्यांना दारापर्यंत सोडायला मी उठले नाही.