बिनझुलीचा बैल

तो पोळा मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पुष्कळ पाहिले. पण त्या पोळ्याला एक माणूस काठीनं मेला आणि दुसरा स्वतःच्या तोंडानं मरायला निघाला होता. त्या दुसऱ्याला मी मरू दिलं नाही. ही हकिगत त्याची आहे.

निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शनच्या बऱ्याच आधीची गोष्ट. भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्यात मी जमादार होतो, ठाण्याचा मुख्य, म्हणजे अमीन, पुढं झालो. शाळा माझी तिसरीपर्यंत. उर्दू ठाण्यात बसूनच शिकलो, रोजनामचा वाचता यावा इतकी. माझं घर शेतकऱ्याचं, धावड्याकडचं. शिकलो थोडं, पण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडलं असं कुणी म्हणून दाखवावं.

पोळा म्हणजे पोलिसाला कामाचा दिवस. तोरणाखालून कुणाचा बैल आधी जाणार, यावरून गावोगाव कुरबुरी व्हायच्या. आमचे निम्मे जवान त्या दिवशी बाहेरच असत. दिवस कलायच्या आत पोलीसपाटलाचा माणूस घोड्यावरून आला आणि वेशीत माणूस पडल्याचं सांगितलं. गाव केदारखेड्याकडच्या वाटेवरचं. नाव लिहीत नाही, त्या घरांमधली नातवंडं आज तिथं नांदताहेत.

मी दोन जवान घेऊन गेलो. तोरण तुटून पडलेलं, त्याच्याजवळच प्रेत. विशी ओलांडलेला पोरगा, डोक्यात एकच घाव. एका विधवेचा एकुलता. ती तिथंच बसलेली होती, रडत नव्हती. पंचनामा होईपर्यंत तिनं पोराच्या तोंडावर माशी बसू दिली नाही.

भांडण असं होतं. गावातल्या एका मोठ्या घराण्याच्या बैलाचा पहिला मान. त्या वर्षी त्या घरातला म्हातारा वारला, आणि मान आता मुलाचा की पुतण्याचा, असा वाद उभा राहिला. खालची आळी मुलाच्या बाजूनं, वरची पुतण्याच्या. पोळ्याला दोन्ही बैल एकाच वेळी तोरणाशी भिडले. मुलाच्या बैलाचा कासरा खालच्या आळीतल्या या पोरानं धरला होता. पुतण्याच्या सालगड्यानं काठी घातली आणि पोरगा पडला.

मारणारा पळालाही नाही. गोठ्यात बैलापाशी बसलेला सापडला. तो एवढंच बोलला, “तात्या वरडला, मी हाणली.”

तात्या म्हणजे वरच्या आळीतला साठी उलटलेला म्हातारा. अख्खं गाव त्याला तात्याच म्हणायचं. आवाज असा, की नदीपलीकडं गुरं वळणाऱ्याला इथून हाक मारावी. “आडवा करा एकेकाला, जित्ता सोडू नका,” हे त्याचे शब्द दोन्ही आळ्यांनी ऐकले होते. मी विचारलं तर मिशीवरून हात फिरवून म्हणाला, “म्हणलो. मर्दासारखा म्हणलो. लिवून घ्या.”

मी त्याला त्याच संध्याकाळी आत टाकलं. त्याचा मला आजही पस्तावा नाही. ज्याच्या ओरडण्यावर काठी पडली त्याला मोकळा सोडणारा पोलीस कसला. कायदाही तसाच होता. चिथावणारा स्वतः हात न लावता मारणाऱ्याइतकाच दोषी ठरू शकत होता. म्हणजे तात्याच्या गळ्याशी दोर आला होता, आणि तो मिशीला पीळ देत बसला होता.

अमीनसाहेब खूष झाले. मारणारा हातात, चिथावणारा कबूल. मला म्हणाले, “जमादार, हो गया ना केस? चालान बनाओ.” मी म्हणालो, आरोपपत्राला थोडे दिवस द्या. मला एक गोष्ट बसत नव्हती. सालगडी तात्याचा नव्हता. दुसऱ्याच्या चाकरीतला माणूस शेजारच्या म्हाताऱ्याच्या हाकेवर जीव घेत नाही, तो मालकाच्या तोंडाकडं बघतो. आणि मालक, म्हणजे तो पुतण्या, त्या दिवशी एक शब्द बोलला नव्हता, हेही सगळं गाव सांगत होतं. अमीनसाहेब कुरकुरले, पण माझा हट्ट त्यांना माहीत होता.

दुसऱ्या दिवशी तात्याची बायको भाकरी घेऊन ठाण्यात आली. नवरा खुनाच्या गुन्ह्यात आत, आणि बाईचं तोंड दुसऱ्याच कारणानं सुटलेलं.

“म्हाताऱ्याला ठिवा तुमच्याकडंच, जमादारसाहेब. पर माझ्या लुगड्याचं काय?”

कसलं लुगडं, म्हणून विचारलं. तेव्हा कळलं की तात्याकडं बैलाला झूल नव्हती. दर पोळ्याला तो बायकोचं एखादं जुनेर बैलाच्या पाठीवर टाकायचा. या वर्षी चारचौघांत दिसावं म्हणून तिचं नवंकोरं लुगडं, लेकीच्या लग्नात आलेलं, तिनं घडीसुद्धा न मोडलेलं, पेटीतून गुपचूप काढून बैलावर घातलं. वेशीतल्या रेटारेटीत खालच्या आळीच्या एका बैलाच्या शिंगात ते अडकलं आणि उभं फाटलं.

“लुगडं टरकलं अन् ह्यांचं डोस्कं फिरलं,” ती म्हणाली. “मला भेले, दुसरं काय? घरी काय तोंड दाखवावं, म्हणून वरडले. अन् आता मर्द होऊन बसले.”

कोठडीतून तात्या गरजला, “ए, गप बस.” तर ती गजाकडं वळून म्हणाली, “तुम्हीच गप बसले असते तर मी हितं कशाला आल्ते?”

जवान हसले. मी हसलो नाही. ज्याला मारामारी होणार हे ठाऊक आहे, तो बायकोचं नवं लुगडं बैलावर घालून वेशीत नेत नाही. तात्याचे शब्द सकाळी त्याच्या पोटात नव्हते. ते लुगड्याबरोबर फाटून बाहेर आले. मग मला पुतण्याचा बैल आठवला. गोठ्यात सालगड्याला धरलं तेव्हा तो बैल मी पाहिला होता. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, आणि पाठ उघडी.

त्या घराची मखमली झूल पंचक्रोशीत माहीत होती. पोळ्याला लोक ती बघायला उभे राहायचे. मी पुतण्याला ठाण्यात बोलावलं, खुर्ची दिली, आणि झूल का नव्हती एवढंच विचारलं. माणूस शांत, कपडे स्वच्छ, उत्तर तयार. चुलता वारल्याचं वर्ष, दुखवटा पाळायला नको का, म्हणाला.

“दुखवटा पाठीलाच होता का?” मी विचारलं. “शिंगं तर लालबुंद होती.”

तो हसला. पण घाम पुसायला त्यानं रुमाल काढला, आणि तेव्हाच मी त्याला सोडायचं नाही हे ठरवलं.

राहिला सालगडी. मी आरोपीला हात लावत नसे. दयाबुद्धी म्हणून नाही. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो आणि अदालतीत फिरतो. मी त्याला जेवू घातलं आणि बैलांचं विचारलं. खांदेमळणी कुणी केली, तूप किती चोळलं, बाशिंग कुठलं. तीन पिढ्या दुसऱ्याचे बैल राखलेला तो माणूस. कोठडीत बसल्याचं विसरून बोलत सुटला. बैल कसा उभा राहतो, हात लावला की कशी मान वळवतो. मी मध्येच विचारलं, “असला देखणा बैल, अन् बिनझुलीचा कसा काय न्हेला?”

तो खाली बघत म्हणाला, “मी घालतच व्हतो. मालक म्हणले, यंदा न्हाई. आज फाटंल.”

“आज फाटंल, हे त्यांना सकाळीच कसं कळलं?”

त्यानं ताट बाजूला सारलं. मी घाई केली नाही. शेवटी सगळं सांगितलं. सकाळी मालकानं घरातली लेकरं वेशीत पाठवायची नाहीत म्हणून बजावलं. त्याच्या हातात नेहमीचा चाबूक होता, तो घेऊन लोखंडी कडीची काठी दिली. “कासरा धरणाराला बसव खाली, अदालतीचं मी बघून घेतो,” असं म्हणाला. तात्या ओरडला नसता तरी काठी पडणारच होती. ओरडला ते मालकाला आयतंच सापडलं. गुन्हा तात्याच्या नावावर टाक, असा निरोपही मालकानं गोठ्यातच दिला होता.

पोलिसापुढं सांगितलेलं अदालतीत चालत नाही. म्हणून त्याला मुन्सफासमोर उभा करून इजहार, म्हणजे जबाब, नोंदवला. घरच्या मोलकरणीनं लेकरांना कोंडल्याचं सांगितलं. मग पुतण्याला अटक केली. त्या दिवशी ठाण्यावर शिफारशी घेऊन जितकी माणसं आली तितकी नंतर कधी आली नाहीत. मी सगळ्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं.

खटला औरंगाबादेस सेशन अदालतीत चालला. पुतण्याच्या वकिलानं माझी थट्टा केली, की बैलाच्या पाठीवर कापड नव्हतं म्हणून जमादार माणसाला खुनी ठरवतो. मी म्हणालो, खुनी ठरवायचं काम अदालतीचं आहे, मी फक्त पाठ दाखवतो.

आता सगळं तात्याच्या बोलण्यावर होतं. मी त्याला आधी कोठडीत सांगून पाहिलं होतं, की लुगड्याचं खरं बोला. तो म्हणायचा, “गाव हसंल, जमादार. फाशी परवडली.” हट्टी माणूस मला ओळखता येतो, रोज आरशात दिसतो. मी म्हणालो, “तात्या, गाव हसून हसून थकतं. तुमची म्हातारी मात्र मागं एकटी राहील.” त्यावर त्यानं तोंड फिरवलं.

न्यायाधीशांनी त्याला पुढं बोलावलं. “बड़े मियाँ, मारो कहा था?”

“कहा था.”

“क्यों?”

मागच्या बाकावर तात्याची बायको पदर तोंडात धरून बसली होती. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, आणि एवढा मोठा आवाज असलेला माणूस ऐकू येईल न येईल असा बोलला, “हिचं लुगडं फाटलं व्हतं, सरकार.”

लोक हसले, शिपाईही हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

निकालात त्यांनी नीयत, म्हणजे मनातला हेतू, हा शब्द धरला. तात्यानं जीव घ्यायला सांगितलं, पण ते रागाच्या भरात, आधी काही ठरवलेलं नसताना. आणि काठी त्याच्या सांगण्यावरून पडलीच नाही. खुनाच्या गुन्ह्यातून तो सुटला. दंगा भडकवल्याबद्दल सहा महिने मिळाले. सालगड्याला लांब मुदतीची सक्तमजुरी. त्याच्या मालकाला सगळ्यांत जास्त, कारण तो शांत डोक्यानं ठरवून गेला होता. त्याच्या तोंडून वेशीत एक शब्दही निघाला नव्हता, आणि त्याच गोष्टीनं त्याची सजा वाढवली.

अदालतीबाहेर त्या मेलेल्या पोराची आई मला भेटली. तात्याला सहाच महिने कसे, म्हणून विचारलं. मी नीयतीचं समजावू लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझ्या पोरानं मरताना त्याचाच आवाज ऐकला, साहेब.”

अदालतीचं बरोबर होतं, आणि बाईचंही बरोबर होतं. नोकरीत मला हे एकदाच इतकं साफ दिसलं. अदालत बोलणाऱ्याचं पोट तपासते, तपासलंच पाहिजे, नाहीतर रागीट म्हातारे फासावर जातील आणि थंड डोक्याचे मालक घरी जातील. पण ज्याच्या कानावर शब्द पडला त्याला पोट दिसत नाही. पुढं माझ्याकडं चिथावणीच्या केसेस आल्या, त्यात काही पार मोठ्या सभांच्याही होत्या. मी प्रत्येक वेळी आधी हेच विचारलं, की हा माणूस सकाळी घरातून काय घेऊन निघाला आणि काय घरी ठेवून आला. भाषण नंतर ऐकलं.

पुढच्या पोळ्याला मी स्वतः त्या गावी बंदोबस्ताला होतो. तात्या सुटून आला होता. स्वतःचा बैल त्यानं घरीच ठेवला आणि खालच्या आळीत त्या विधवेच्या दारात जाऊन उभा राहिला. तिचा बैल वेशीत न्यायला घरात आता माणूस नव्हता. मी लांबून बघत होतो, काठी बगलेत धरून. ती उंबऱ्यात आली. मग दाव्याचा बैल सोडून कासरा त्याच्या हातात दिला.

“न्या,” ती म्हणाली. “पर तोंड मिटून चाला.”

तात्या दारापासून वेशीपर्यंत गेला आणि परत आला. दोन्ही आळ्यांनी त्याला हाका मारल्या, चिडवलं, कुणी लुगड्याचंही विचारलं. त्यानं एकालाही उत्तर दिलं नाही.