भजनी मंडळाचे नऊ फॉर्म

आम्ही नऊ जण, सगळे समलिंगी पुरुष, दर रविवारी सकाळी टावर चौकाजवळच्या साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत कोरस गातो. खोली मिळावी म्हणून मालकाला भजनी मंडळ असल्याचं सांगितलं होतं. ते खोटं निभावायला पहिला तासभर खरोखरच भजनं म्हणावी लागायची, मग आमची गाणी. चार वर्षांत आमची गाणी होती तिथेच राहिली, भजनं मात्र अशी बसली की आमच्या अख्ख्या फ्रीगंज भागातून वास्तुशांतीची बोलावणी यायला लागली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

त्यातच बोलावणं आलं मराठी वधू-वर मेळाव्याचं. मेळाव्याची सगळी सूत्रं माझ्या आईच्या हातात. माझं गाणं तिला माहीत होतं, बाकी काही नाही. सांगितलं तर ती बोलणं टाकेल, या भीतीने मी चौतीस वर्षांचा घोडा गप्प होतो.

आईचा नियम कडक. स्टेजवर चढणाऱ्या प्रत्येक अविवाहिताने जन्मवेळेसकट फॉर्म भरायचा. आमच्यात लग्न झालेला कोण असणार? कोरसची सवय अशी, की एकाने सांगितलं आणि बाकीच्यांनी लिहिलं. 'अपेक्षा' या रकान्यात नऊही जणांचं एकच वाक्य: सूर सांभाळून घेणारी व्यक्ती. आईने नऊही फॉर्म वाचले, चष्मा पुसला आणि फायलीत लावले.

आमची एक पद्धत आहे. गाताना ज्याचा दम तुटेल, त्याच्या पाठीवर शेजाऱ्याने हात ठेवायचा. मेळाव्यात आईला समोर बघून माझा दम पहिल्याच भजनात गेला. शेजारी खालच्या पट्टीत गाणारा बँकवाला होता. तीन वर्षं आमचं प्रेम आहे. त्याने हात ठेवला, आणि भजन संपलं, टाळ्या संपल्या, तरी काढला नाही. गाढवच आहे. आई पहिल्या रांगेत होती.

दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. मी वरून मीठ मागायलाही घाबरत होतो. तिसऱ्या दिवशी तिने ताटाशेजारी मोबाइल ठेवला. त्यावर पत्रिका जुळवायचं ॲप उघडं होतं.

"त्या बँकवाल्याचे नि तुझे अठ्ठावीस गुण जुळतात," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचे नि माझे सतरा पण नव्हते."

मला रडू आलं. पण ॲपला तर एक वर आणि एक वधू लागते. वधूच्या रकान्यात कोणाला टाकलंस, मी विचारलं.

"त्याला. तुला टाकलं असतं तर तू चालला गेला असता ना घर सोडून."