सुभाषभाऊंचं पाण्याचं मशीन

आमच्या पेठेत सुभाषभाऊ सोनारांइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता, हे मी त्यांच्या तोंडावर कितीतरी वेळा बोललेय. जुन्नरच्या भागात राहायचं आणि भीत बसायचं, हे परवडत नाही. मागं पिंपरी पेंढारची एक बाई मंगळसूत्र दुरुस्तीला आली, ती गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून. वाट उसाच्या कडेची, बिबट्या मानगुटीला धरतो, म्हणून पट्टा. तो काढून तिनं ओट्यावर ठेवला, वाट्या बदलून घेतल्या, पट्टा पुन्हा चढवला आणि हसत घरी गेली. आणि आमचे सुभाषभाऊ? रस्त्यात फटाका वाजला तरी यांचा हात डोळ्यावर.

उजव्या डोळ्यावर. डावा आधीच गेलेला होता.

मी ताहेरा, पटवेकरीण. काळ्या मण्यांची पोत ओवायची, रेशमाचे गोंडे वळायचे, हे माझं काम. माझी बैठक त्यांच्या दुकानाच्या बरोबर समोर, मध्ये फक्त बोळ. ते जोडायचे आणि मी ओवायची. त्यामुळे या माणसाचं सगळं आयुष्य मी मान वर केली की पाहत आले. माझी जीभ तिखट आहे, पण खरं सांगते, सख्ख्या भावापेक्षा मला तो माणूस जवळचा वाटायचा.

डावा डोळा गेला तो पोरवयात. वडिलांच्या हाताखाली बसले होते. साचा नीट सुकलेला नव्हता, आत ओल राहिली होती. वितळलेलं सोनं त्यात ओतलं आणि ओलीनं ते उडालं. एवढासा थेंब, पण डोळ्यात गेला. तेव्हापासून त्यांच्या आईनं, प्रयागमावशींनी, या एका डोळ्यासाठी आयुष्य वाहिलं. पोराला पतंग नाही, विटीदांडू नाही, दिवाळीला फुलबाजीसुद्धा नाही. पुढं सुभाषभाऊंचे केस पांढरे झाले, तरी मावशी दारात उभ्या राहून, "चष्मा घातला का रं?" म्हणून विचारायच्या, आणि हेही लहान पोरासारखं "व्हय आई" म्हणायचे. लग्न काही झालं नाही. आईचा शब्द मात्र त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.

वडील गेल्यावर बरीच वर्षं फुंकणीवरच काम चाललं. तोंडानं फुंकायचं, दिव्याची ज्योत वळवायची आणि तिच्यावर डाख वितळवून दागिन्याचे दोन तुकडे जोडायचे. पुढं छाती भरून यायला लागली. बाकीच्या सोनारांनी गॅसची टाकी घेतली. मावशींनी टाकीला ठाम नकार दिला. "घरात बाँब आनू नगं. तुझा डोळा हाय तवर मी हाय." मग कुणीतरी पुण्यातलं हे पाण्याचं मशीन सांगितलं. टाकी नाही, कोळसा नाही. पेटीत पाणी आणि थोडा क्षार घालायचा, वीज लावली की त्या पाण्याचाच गॅस होतो, तो नळीतून येऊन एका सुईच्या टोकाशी जळतो. सुईएवढाच जाळ, पण सोनं लोण्यासारखं वितळवणारा.

मावशी पहिल्या दिवशी त्याच्यासमोर हात जोडून बसल्या होत्या. "पाणी जळतंय! आक्रीत हाय बाई." पाणी म्हटल्यावर त्यांची भीती गेली. मला तेव्हाही वाटलं होतं, की पहिला डोळा पाण्याच्या ओलीनंच तर नेला. पण असं बोलू नये.

सुभाषभाऊ त्या मशीनला तान्ह्या पोरासारखं जपायचे. साधं पाणी त्यात कधी नाही, बॅटरीत घालतात तेच. रोज सकाळी पातळी बघायची. नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला की गॅस गळतोय असं समजायचं. क्षाराचं पाणी बदलायचं असलं की हातात कोपरापर्यंत मोजे. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक किती फुंकावं याला काही मर्यादा असते, म्हणून मी चिडवायची, पण ते हसून आपलं काम करायचे.

मशीनच्या कडेला एक काचेची छोटी बाटली होती, तिच्यावर लाल रेघ. तिच्यात स्पिरिट भरायचं. गॅस त्यातून बुडबुडत जायचा आणि मगच सुईकडे यायचा. एकदा मी विचारलं, हे कशाला?

"भाभी, त्याच्याबिगर जाळाला रंग न्हाई," ते म्हणाले. "नुसता पाण्याचा जाळ डोळ्याला दिसत न्हाई. उन्हात तर अजाबात न्हाई. आन तापतो लई. ह्या स्पिरिटानं तो हिरवा-निळा व्हतो, म्हंजे कुठं हाय ते कळतं."

न दिसणारा जाळ. बिबट्याचे निदान पंजे उमटतात.

आणखी एक गोष्ट मला आवडायची नाही. सुईचं भोक केसाएवढं, ते सारखं तुंबायचं. मग बारीक तारेनं ते साफ करायचं आणि सुई डोळ्याला लावून आभाळाकडे बघायचं, पलीकडचा उजेड दिसतो का. मी ओरडायची, "एकच डोळा आहे आणि तोच सुईला लावताय?"

"फुंकणी अशीच बघत्यात. बापानं शिकवलंय. उजेड दिसला की भोक मोकळं." आणि मशीनचं बटण दाखवायचे. "बंद हाय की. बंद केल्याबिगर मी हात तरी लावतो का?"

ते खरं होतं. बंद केल्याशिवाय त्यांनी सुई कधीच उचलली नाही. मी मान वर करून तेवढं बघून घ्यायची आणि मगच पुढचा मणी ओवायची.

मावशींना त्या मशीनमधली एकच गोष्ट खुपायची, ती बाटली. "सोन्याच्या कामात दारूचा वास?" म्हणून त्या नाकाला पदर लावायच्या. औषध आहे असं भाऊ सांगायचे. त्यांना ते पटायचं नाही.

खंडेनवमीला सोनाराची हत्यारं पाटावर बसतात. ऐरण, हातोड्या, चिमटे, वडिलांची फुंकणी. मशीन जड, म्हणून ते जागेवरच, त्याला झेंडूची माळ. हत्यार पुजायचं ते भरल्या पोटी, असं म्हणून भाऊंनी आदल्या दिवशी मशीन धुऊन पुसून बाटली रेघेपर्यंत भरली. नवमीला हत्याराला हात लावायचा नसतो, तेव्हा ते महाळुंगे पडवळला बहिणीकडे गेले. पूजा मावशींनी केली.

दसऱ्याला पहिला डाख द्यायची त्यांच्या घरची रीत होती. ओट्यावर सगळ्यांसमोर बसायचं, चांदीची एक बारकी कडी जोडायची आणि ती देवापुढं ठेवायची. एकदा जाळ सुरू केला की कडी जोडली जाईपर्यंत तो विझवायचा नाही. विझला तर वर्ष खराब जातं, असं सासऱ्यांनी मावशींना सांगितलेलं.

त्या सकाळी ऊन थेट ओट्यावर आलं होतं. बोळाच्या तोंडाशी मंडळाचा डीजे असा वाजत होता की माझ्या डब्यातले मणी थरथरत होते. भाऊ नवा सदरा घालून, काळा चष्मा लावून बसले. मावशी कुंकवाचं ताट घेऊन मागं उभ्या. भाऊंनी सगळं रीतीनं केलं. पेटीतली पातळी पाहिली. बाटली पाहिली, बरोबर रेघेला. स्वतः भरलेली, आणखी काय बघायचं? बटण दाबलं, बुडबुडे आले, गॅसच्या दाबाचा काटा चढला. त्यांनी सुईशी लायटर ओढला.

जाळ दिसला नाही. पुन्हा ओढला. तरी नाही.

गॅस आहे आणि जाळ नाही, म्हणजे सुई तुंबली. कुठलाही सोनार हेच म्हणेल. भाऊंचा हात बटणाकडे गेला.

"बंद करू नगं!" डीजेच्या वर मावशींचा आवाज चढला. "दसऱ्याचा जाळ हाय!"

"आई, लागलाच न्हाई तर इझवायचा काय?"

"बटण दाबलं म्हंजी सुरू झालं. अपशकुन करू नगं रं बाबा."

त्यांचा हात बटणावर थांबला. तो हात मी अजून विसरलेले नाही. एवढा भित्रा माणूस, पण आईपुढं त्याची भीतीसुद्धा गप्प बसायची. हात मागं आला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

मशीनवरच्या माळेतला एक झेंडू सुईच्या समोर लोंबत होता. मी पाहत असतानाच त्याच्या पाकळ्या काळ्या पडून आत वळायला लागल्या. समोर काहीच नव्हतं आणि झेंडू जळत होता. मी मणी टाकून उठले, ओरडले, "भाऊ! भाऊ!" तेवढ्यात डीजे आणखी चढला, माझा आवाज माझ्याच कानापर्यंत आला नाही. त्यांनी नळीला जोडलेलीच सुई उचलली, आभाळाकडे तोंड केलं आणि सवयीनं भोक बघायला डोळ्याला लावली.

पुढचं मी लिहिणार नाही.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, ऊन आणि सावली यातला फरक कळेल, याच्यापुढं आशा धरू नका. मी मावशींजवळ बाकावर बसले होते. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "ताहेरा, तुला म्हनून सांगते. नवमीला म्या त्या बाटलीतली दारू मोरीत वतली. पूजंला दारू कशी चालंल? बाटली घासली आन लेण्याद्रीच्या टाक्यातलं पाणी भरलं, रेघंपत्तर. बरं झालं बाई. दारू असती तर भडका उडून माझं पोरगं जळून गेलं असतं. डोळ्यावर निभावलं. देवाच्या पाण्यानं जीव वाचवला."

मला इतका संताप आला की त्या म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटलं. तिथंच मनात मी पक्कं केलं, सुभाषभाऊंना हे सांगायचंच. ज्याचा डोळा गेला त्याला कळायला नको?

ते घरी आल्यावर मशीन विकायचं ठरलं. बोरी बुद्रुकचा कुंडलिक नावाचा कारागीर दुपारी ते न्यायला येणार होता. मी सकाळीच गेले. भाऊ चाचपत मशीनपाशी बसले होते. त्यांनी बाटली काढली, झाकण उघडलं आणि नाकाशी धरली. दोनदा वास घेतला. मग बोटानं रेघ कुठंशी आहे ते काचेवर शोधलं आणि बोट तिथंच ठेवलं.

"भाऊ," मी म्हणाले, "त्या बाटलीत—"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मावशी चहा घेऊन आल्या होत्या. बाटली भाऊंच्या हातात बघून मावशींचा चेहरा उजळला. "तुला सांगायचं ऱ्हायलंच," म्हणत त्यांनी सगळं सांगितलं. दारू, मोरी, लेण्याद्रीचं पाणी. अभिमानानं सांगितलं.

भाऊंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"व्हय आई," ते म्हणाले. "तुझं पाणी व्हतं म्हनून वाचलो."

मावशींनी डोळ्याला पदर लावला आणि देवघरात गेल्या. मी धुमसत होते. भाऊंनी बाटली माझ्या हातात दिली.

"भाभी, हे वतून टाका. नवं स्पिरिट भरा. कुंडलिक आला की त्याला म्हनावं, रोज वास घे. नुसतं डोळ्यानं बघू नगं."

"आणि मावशींना?"

"तिला काय बोलू नगा. तिनं माझा एक डोळा आयुष्यभर राखला, भाभी. तो तिनंच घालवला हे कळलं तर ती जगल का?"

मला रडू आलं, ते मी आवाज न करता रडले. तेवढ्यात मावशी परत आल्या. हातात देवापुढचा तांब्या होता, लेण्याद्रीच्या पाण्याचा. "पी बाबा, ह्यानंच राखलं तुला," म्हणून त्यांनी तो पुढं केला. भाऊंनी हवेत हात फिरवून तांब्या शोधला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.