चार बोटं माया

माझी मावशी बावीस वर्षं पडद्यामागे होती आणि शेवटी पडदाच अंगावर घालून पुढे आली. यात माझा विनोद काही नाही, घडलंच तसं.

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असते. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर तिला कळलेलं असतं. पट्टी लावते ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. संध्याकाळी आमच्या हौशी नाटक मंडळीत प्रॉम्प्टिंग करायची. सगळ्यांची सगळी वाक्यं तिला पाठ, स्वतःचं एकही नाही. नव्या नाटकाच्या शेवटी एक म्हातारी राणी डाव्या दारातून येते, दरबार ओलांडून खुर्चीत बसते, आणि पडदा पडतो. बोलणं काहीच नाही. ते काम मावशीने स्वतःसाठी मागितलं. मागतानाही आवाज प्रॉम्प्टिंगचाच, शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल असा.

आमचे दिग्दर्शक शाळेत गणिताचे मास्तर. नाटकातही त्यांचा जीव वजाबाकीत. ते म्हणाले, "बाई, राणी बोलत नाही, म्हणजे तिच्या पोशाखाने बोलायला हवं. तो तुमचा तुम्ही करायचा. रविवारी सकाळी दाखवा. राणी दिसली तर प्रवेश ठेवतो, नाहीतर सरळ कापतो."

आमच्या बाहेरच्या खोलीत एक मखमली पडदा होता. एके काळी लाल. उन्हाने त्याची पार वीट करून टाकली होती. आई तो टाकून देणार, तेवढ्यात मावशीने तो काखोटीला मारला.

तिच्या दोन खोल्यांत शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीशी. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राचे कागद पसरून तिने आधी कागदाचीच राणी कापली. टाचण्या साबणाच्या वडीत खोचलेल्या, म्हणजे जाड कापडातही सुळकन जातात. मी मदतीला म्हणून गेले होते, पण दोन संध्याकाळी नुसती बघतच बसले. तिच्या हाताला घाई नव्हती आणि चूकही नव्हती.

शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. शिंपी बोटभर सोडतो. मावशीने दोन्ही कुशींना चार-चार बोटं सोडली, शिवाय पडद्याच्या कडांची दुहेरी दुमड उसवून तीही त्या मायेतच घेतली.

"एवढं कापड आत दडवून काय उपयोग? दिसणार कुणाला?" मी म्हटलं.

"माया दिसायला सोडतात का, ठमे?"

ठमी म्हणजे मी. अंगाने मावशीच्या सवापट आहे, त्यामुळे नाव शोभतं.

शनिवारी दुपारी पोशाख तयार झाला. मावशी दुकानात गेली होती. मला वाटलं, ती यायच्या आत कडक इस्त्री करून ठेवावी. मखमलीला इस्त्री करायची तर उलट्या बाजूने, वाफेवर, हात हलका ठेवून, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी सुलट बाजूने दाबून फिरवली. उचलून बघते तर ऐन छातीवर इस्त्रीचा चकचकीत ठसा! लव जी झोपली ती झोपलीच. मी हाताने चोळलं, ब्रश मारला, केटलीची वाफ दिली. ठसा आणखीच उठून दिसायला लागला.

मावशी आली. ठसा बघून खुर्चीत बसली. तिने रागावून मला घराबाहेर काढलं असतं तर बरं वाटलं असतं. बावीस वर्षांनी तिने एक गोष्ट मागितली आणि मी तिचं वाटोळं केलं होतं. मी हमसून हमसून रडायला लागले.

"रडून मखमल ओली होते," ती म्हणाली. "उलट कर तो पोशाख. आणि छोटी कात्री दे."

तिने कुशीची शिवण उघडली. आत जी माया होती ती बघून माझं रडणं थांबलं. दुमडीच्या आत ऊन कधी पोहोचलंच नव्हतं. तिथे पडदा अजून नवा होता, गडद, जांभळ्याकडे झुकणारा लाल. आमच्या घरात लहानपणापासून तो पडदा बघत आले, पण त्याचा खरा रंग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

दोन्ही कुशींतून तिने दोन-दोन बोटांच्या लांब पट्ट्या कापल्या, शेजारी शेजारी जोडल्या आणि गळ्यापासून पायापर्यंत मधोमध बसवल्या. ठसा खाली गेला. विटकरी अंगावर तो काळपट लाल पट्टा असा उतरला की पोशाख एकाएकी शंभर वर्षांचा झाला, वापरलेला, मानाचा. मला हात लावायचीही भीती वाटली.

"अगं, आत अजून दोन-दोन बोटं उरलीयत. तीही घे ना, पट्टा रुंद होईल."

"राहू दे."

रविवारी मास्तरांनी पोशाखाभोवती दोन चकरा मारल्या, चष्मा पुसला आणि विचारलं, "बाई, हे आणलंत कुठून?"

"घरातलंच आहे."

"प्रवेश राहील," ते म्हणाले. मावशीने नुसती मान हलवली, पण साबणाची वडी पिशवीत टाकायला गेली ती तीनदा खाली पडली.

प्रयोगाला पुस्तक माझ्या हातात होतं, मावशीच्या जागी. राणी डाव्या दारातून आली. ती माझी मावशी आहे हे मला माहीत होतं आणि तरी पटत नव्हतं. ती अजिबात घाई न करता चालत गेली. दरबारी उठून उभे राहिले, ते त्यांचं कामच होतं. पण पहिल्या रांगेतले एक आजोबाही उठले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती बसली. पडदा पडला आणि मग कुठे टाळ्या सुरू झाल्या.

मी आत धावले. तिने पोशाख उतरवून माझ्या हातात दिला.

"सांभाळून ठेव. इस्त्री करू नकोस."

"मी कशाला? तुझा आहे."

"मास्तर पुढच्या वर्षीही हेच नाटक करणार म्हणतात. मला पुरे झालं, मी आपली पुस्तक घेऊन बसेन," मावशी म्हणाली. "दोन्ही कुशी उसव, उरलेल्या मायेत बरोबर बसेल तुला. बेतलं तेव्हाच तुझं माप घेतलं होतं."

"कधी? पट्टी तर लावलीच नाहीस."

"तू दारातून आत आलीस तेव्हा."