टोमॅटोचा दिवा

ऑडलाइफच्या तोंडाला लागू नये, हे उत्तर टोकाच्या आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बेटावरून पलीकडच्या किनाऱ्याला जाणारी फेरीबोट तो सव्वीस वर्षं चालवत होता. त्यातली एकोणीस वर्षं मी, रागना, त्याच बोटीवर कॉफी आणि वॉफल विकत होते, म्हणजे त्याचं बोलणं ऐकत होते. देशाच्या दक्षिणेकडून नोकरीला येणाऱ्या माणसांवर त्याचा विशेष राग. नोव्हेंबर संपता संपता सूर्य जो जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत तोंड दाखवत नाही. दक्षिणवाले त्या अंधारात खचतात, आणि मग डॉक्टर त्यांना तो पांढरा झगझगीत दिवा समोर ठेवून बसायला सांगतात. एके वर्षी दक्षिणेकडून शाळेवर आलेली एक तरुण शिक्षिका माझ्या घरी भाड्यानं राहायची, तीही रोज पहाटे अर्धा तास तशी बसायची. ऑडलाइफनं तिला भरल्या बोटीत विचारलं, "काय बाई, घातलंस का आज अंडं? आमच्याकडे असला दिवा कोंबड्यांना लावतात." सगळे हसले. मीही हसले. फेब्रुवारीत ती नोकरी सोडून गेली.

बेटावर जन्मलेल्याला अंधार बाधत नाही, ही आमची घमेंड. ऑडलाइफला तो सत्तावन्नाव्या वर्षी बाधला, तोही सूर्य जायच्या आधी, दिवस आखडू लागताच. आधी त्याचं बोलणं आटलं. मग जेवण. धक्का आला तरी भोंगा वाजवायचं भान राहीना. त्याची बायको गुनवोर त्याला जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं तोच दिवा सांगितला. सकाळी उठल्याबरोबर लावायचा, संध्याकाळी मुळीच नाही, झोप उडेल.

दिवा टपालानं आला, आणि आमचं टपाल किराणा दुकानात येतं. खोक्यावर दिव्यासमोर हसत बसलेल्या बाईचं चित्र होतं. दुकानदार हिल्मारनं ते खोकं काउंटरवर फिरवून फिरवून पाहिलं.

"तुझ्यासाठी का रे?"

"टोमॅटोची रोपं करायचीत," ऑडलाइफ म्हणाला.

"नोव्हेंबरात? मग ही बाई कोण, टोमॅटो?"

दुकानात आम्ही सातआठ जण होतो. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव टोमॅटो पडलं. तो बोटीच्या जिन्यावरून चढला की कुणीतरी विचारायचं, "पिकले का?" ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची टर उडवली त्याला उलट उत्तर सुचू नये, याची आम्हाला भारी मजा वाटली. खोटं टिकवायला त्यानं खरंच बियाणं आणलं.

आता सकाळी दिवा लावायचा तर लावायचा कुठे? अंधाराच्या दिवसांत आमच्याकडे खिडक्यांना पडदे ओढत नाहीत. प्रत्येक खिडकीत एक लहानसा पिवळा दिवा असतो, आणि रस्त्यानं जाणारा आत बघत बघत जातो. पडदा ओढलेला दिसला की समजायचं, घरात कुणी गेलं, आणि केक घेऊन भेटायला जायचं. गुनवोर म्हणाली, "ओढते मी पडदे. बघू दे त्यांना काय बघायचं ते."

"म्हणजे आठ वाजेपर्यंत गाव माझ्या मयताला केक घेऊन येईल," तो म्हणाला, आणि दिवा उचलून समुद्राकाठच्या होडीघरात घेऊन गेला. पहाटे तिकडे जाताना कुणी पाहिलं तर काय सांगणार? म्हणून रोज संध्याकाळी, कामावरून आल्यावर, जाळी दुरुस्त करायच्या नावाखाली तो तिथं बसू लागला.

एकदा तो बोटीवर थर्मास विसरला. तो द्यायला मी होडीघरात गेले. उलट्या टबावर तो बसला होता, दिव्यापासून वीतभर तोंड, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रोपं बाजूला फळीवर होती, चांगली हातभर वाढलेली.

"कीड आहे का बघतोय," तो म्हणाला.

"कीड काय तुझ्या नाकावर आहे? अरे, हा सकाळी लावायचा असतो. ती शिक्षिका पहाटेच बसायची."

त्यानं माझं मनगट धरलं. "कुणाला सांगू नकोस, रागना. दक्षिणवाला म्हणतील मला."

मी सांगितलं नाही. पण दिव्याच्या वेळेबद्दल त्यालाही पुन्हा काही बोलले नाही, आणि ते बोलायला हवं होतं. त्याची झोप पुरती उडाली होती. पहाटे चारला कुठे डोळा लागायचा आणि पावणेसातला बोट सुटायची. मी त्याला काळी कॉफी देत राहिले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुकाणूवरच त्याला डुलकी लागली आणि बोट धक्क्यावर आदळली. मेलं कुणी नाही. उकळत्या कॉफीचं भांडं माझ्या उजव्या हातावर उलटलं, तेवढंच. कोपरापर्यंत कातडी सोलली गेली. दवाखान्यात पडल्या पडल्या मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की तेवढ्या नवऱ्यालाही कधी घातल्या नसतील.

चौकशी शाळेच्या सभागृहात झाली. अर्धं गाव मागच्या बाकांवर येऊन बसलं होतं. बाहेरून आलेली अधिकारी बाई शांत होती. तिनं ऑडलाइफला नीट समजावलं. "तू आजारी असशील तर रजा मिळेल, बरा झालास की बोट परत तुझी. आजारी नसशील तर हा निष्काळजीपणा धरावा लागेल आणि परवाना जाईल."

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"त्याची बायको सांगते, होडीघरात उपचाराचा दिवा आहे. डॉक्टर त्याच्या परवानगीशिवाय बोलणार नाही," अधिकारी बाई म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "थर्मास द्यायला तू होडीघरात गेली होतीस म्हणे. तो दिवा हा कशासाठी वापरायचा हे या दोघांखेरीज कुणी पाहिलं असेल तर तू. काय पाहिलंस?"

गुनवोर माझ्याकडे बघत होती. ऑडलाइफही बघत होता. पट्टीखाली हात ठणकत होता.

"टोमॅटोसाठी वापरायचा," मी म्हणाले.

सभागृह खदखदून हसलं. त्याचा शब्द राखला असं मी पुढे लोकांना सांगत आले. खरं तर तेव्हा मला त्याच्या शब्दाची आठवणही नव्हती. मला त्याची बोट जायला हवी होती. हातभर कातडीच्या बदल्यात काहीतरी हवं होतं, आणि ते एका शब्दात मिळालं.

परवाना गेला. बाहेर पायऱ्यांवर ऑडलाइफ माझ्याजवळ आला. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा तो हसत होता. "माझी लाज राखलीस, रागना," म्हणाला, आणि हळूच माझा डावा, धड हात दाबून पुढे गेला.

गुनवोर मागे थांबली. टोपी कानांवर ओढत ती म्हणाली, "तो खोटं बोलला, कारण तो आजारी होता. तुला काय झालं होतं?"