साठ जोर आणि आंबागडचे पाव्हणे

धावायला हात लागतात, हे मला लक्ष्मणमामांनी शिकवलं, आणि त्यानंतर दोन दिवस मला हातच नव्हते.

साल एकोणऐंशी. मी सानगडीहून पोलीस भरतीला जाणार होतो, म्हणून रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून धावायचो. मामांनी (तरुणपणी कुस्त्या खेळलेले, किती जिंकले, हे विचारायची घरात पद्धत नव्हती) एकदा मला पाहिलं आणि ते हळहळले.

"असा काहून धावून राहिला बे? हात पडवळावानी लोंबून राहिले!"

"मामा, धावाचं त पायानं ना?"

"पायानं त कोंबडी बी धावते! गडी छातीच्या ताकदीनं धावते. काढ जोर. साठ!"

मी अंगणात पालथा झालो. मामा मोजायला बसले. बेचाळिसाव्या जोराला रस्त्यावरून कोणीतरी "राम राम" घातला. मामांनी राम राम परत केला, त्याच्या बैलाची तब्येत विचारली आणि माझ्याकडे वळले.

"किती झाले?"

"बे... चाळीस."

"मले भरोसा नाही. पहिल्यापासून!"

दुसऱ्या दिवशी उठलो तर दोन्ही हात कोपरात वाकून पोटाशी चिकटलेले! सरळ होईनात, वर जाईनात. सदऱ्याची बटणं आईनं लावली. आणि नेमके त्याच दिवशी आंबागडचे पाव्हणे मला पाहायला आले. मुलीचे वडील आणि आत्याबाई.

वडिलांनी नमस्कार केला. माझे हात बेंबीच्या वर जाईनात, त्यामुळे माझ्या नमस्काराला पोटदुखीची कळा आली. मग चहा आला. कप तोंडाकडे येईना, म्हणून मीच वाकून तोंड कपाकडे नेलं. (गोठ्यातलं वासरू याहून सभ्यपणे पितं!)

आत्याबाईंनी आईला हळूच विचारलं, "पोराच्या अंगावरून वारं गेलं का जी?"

"नाही जी! कालच शंभरच्या वर जोर काढले त्यानं!"

"मंग आज काहून असा?"

मामांना राहवेना. "हात सोडा, पाव्हणे! पाय पाहा! बाबू, दाखव धावून!"

सगळी वरात तलावाच्या पाळीवर! मी पोटाशी हात चिकटवून सुटलो. त्या अवतारात मला गावातल्या कुत्र्यांनीही ओळखलं नाही. दोन कुत्री मागे लागली आणि मी आयुष्यात धावलो नव्हतो असा धावलो!

"वा रे पठ्ठ्या!" मामा ओरडले.

तेवढ्यात पाय घसरला. मी पाळीवरून खाली, थेट चिखलात, पालथा! कुत्रीसुद्धा थबकली. उठायला फक्त एक जोर काढायचा होता. एकच! तो निघेना.

शेवटी मुलीच्या वडिलांनी धोतर खोचलं, ते चिखलात उतरले आणि त्यांनी मला काखेत धरून बाहेर ओढलं. माझ्या तोंडावरचा चिखल स्वतःच्या उपरण्यानं पुसत ते बराच वेळ हसले.

"पोरगी देतो," ते म्हणाले. "जावई पळून गेला तरी लय दूर नाही जाणार!"

पोलिसांनी मला छातीच्या मापातच परत पाठवलं. लग्न मात्र झालं. तोंडावर पडून पास झालो अशी माझ्या आयुष्यातली ही एकच परीक्षा!