ती चढाई माझी होती

कुवेतमधल्या अबू हलीफा गावात आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. तो कधीच कॅप्टन नव्हता. मुंबईच्या आमच्या कारखान्याच्या कबड्डी संघात तो डावा कोपरा सांभाळायचा आणि मी चढाया करायचो. पण कुवेतला हे कोण तपासायला येतंय? चार माणसं जमली की तो मांडी ठोकून सुरू व्हायचा आणि सांगता सांगता फायनलच्या शेवटच्या चढाईवर यायचा. दोघांनी पाय धरलेले, तिसऱ्याची कंबरेला मिठी, तोंडात माती, तरीही हात लांबवून मध्यरेषेला बोट लावलं. धरणारे सगळे बाद, सामना खिशात. ऐकणारे तोंडात बोटं घालायचे. मीही तिथेच चहाचा कप घेऊन बसलेला असायचो. ती चढाई माझी होती.

त्या काळी मुंबईतले कारखाने खेळाडूंना नोकरीवर ठेवत. सकाळी खात्यात हजेरी लावायची, दुपारनंतर मैदानात घाम गाळायचा, आणि पगार मिळायचा तो खेळाचाच. आम्ही दोघंही तात्पुरते होतो. त्या फायनलनंतर कानावर आलं की दोघांपैकी एकालाच कायम करणार. गाजली होती माझी चढाई, तेव्हा कोणाला करणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यानंतर लगेचच सरावात त्याने मला पायांच्या कैचीत धरलं. कबड्डीत पायांची कैची घालायला मनाई आहे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी पडलो, सोड म्हणून ओरडलो, गुडघा जाईल म्हणालो. त्याने ऐकलं, आणि मग पीळ दिला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. नंतर सगळ्यांना त्याने सांगितलं की चुकून झालं, आणि सगळ्यांनी ते मानलं.

तो कायम झाला. मी काठी घेऊन घरी बसलो. इतक्या वेळा माझ्या गुडघ्याचे फोटो निघाले की शेवटी मी एक्स-रे टेक्निशियनचाच कोर्स केला आणि कुवेतला फहाहीलच्या एका क्लिनिकमध्ये लागलो. मी डूख धरून होतो, ते लपवत नाही. त्याच्या कारखान्याला टाळं लागल्याचं कळलं त्या दिवशी मी क्लिनिकमध्ये बर्फी वाटली. कशाची, असं एका नर्सबाईंनी विचारलं, तर वाढदिवस आहे म्हणून सांगितलं.

आणि पुढे तोच माणूस एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचा स्टोअरकीपर होऊन आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आला. मी तेव्हा सुट्टीवर गावी होतो. परत येईपर्यंत त्याने चढाई सांगून टाकली होती. मला बघताच त्याने कडकडून मिठी मारली आणि सगळ्यांना म्हणाला, हा माझा जुना जोडीदार, बरा खेळायचा, पण बिचाऱ्याला गुडघ्याने दगा दिला. माझं पित्त खवळलं. पुढे मी काही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, हा जळतोय. नुसता वाद घालून माझं समाधान होणारही नव्हतं. मला तो सगळ्यांसमोर आडवा पडलेला हवा होता.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या आणि कामं बंद पडली. क्लिनिकचा मालक बाहेरच्या देशात होता तो परतला नाही. कॅप्टनच्या कंपनीचा मॅनेजर गाडीत बसून निघून गेला. बिल्डिंगमध्ये बहुतेक कोकणातले सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, बायकापोरं गावी. सकाळी खुबूसच्या, म्हणजे तिथल्या रोटीच्या, रांगेत उभं राहायचं, मग रेडिओला कान लावायचा, आणि उन्हं कलली की मागच्या मोकळ्या जागेत उतरायचं. तिथे कंपाउंडची भिंत उंच होती, रस्त्यावरच्या सैनिकांना आतलं दिसत नसे. वाळूत रेषा ओढून पोरं कबड्डी खेळायला लागली. कॅप्टन पंच झाले. खेळ संपला की घामेजलेली माणसं त्याच्याभोवती बसायची आणि तो रोज माझी चढाई सांगायचा. देश बुडालेला, घरची खबर नाही, आणि त्या माणसांना त्या गोष्टीने धीर यायचा. मला ते दिसत होतं. तरीही मी दात-ओठ खात बसायचो.

त्याची एक गोष्ट मला पक्की माहीत होती. चढाई करणारा माणूस गडी मारून परत फिरताना समोरच्या संघाला पाठ दाखवत नाही. तोंड त्यांच्याकडे ठेवून मागे सरकायचं हे अंगात मुरलेलं असतं, झोपेतही चुकत नाही. हा जन्मभर कोपऱ्यात राहिलेला. पकड झाली की वळायचं आणि आपल्या जागेवर जायचं, एवढीच त्याच्या अंगाला सवय. याला एकदा चढाईला पाठवलं की हा मला पाठ दाखवणार, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती.

संगमेश्वरकडचा एक सुतार बोलायला मोकळा होता. मी त्याच्या कानात विषय सोडला. संध्याकाळी सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "कॅप्टन, नुसती ऐकवताव किती दिवस? एकदा करून दाखवा की ती चढाई."

कॅप्टनने वयाचं कारण पुढे केलं, पण पोरं हट्टाला पेटली. मी गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वाळूला हात लावून नमस्कार केला आणि कबड्डी कबड्डी म्हणत आत आला. खोटं कशाला सांगू, बरा आला. एका प्लंबरच्या खांद्याला हात लावला, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि तो वळला. पाठ माझ्याकडे.

मी त्याच्या घोट्यावर झेप घेतली. तो तोंडघशी पडला. मध्यरेषा त्याच्या हातापासून वीतभर लांब राहिली. बाकीचे धरायला धावले, त्यांना मी लांब राहायला सांगितलं. त्याची कबड्डी बारीक होत चालली, वाळूत तोंड असल्यामुळे खोकल्यासारखी यायला लागली. मग मी माझा चांगला पाय त्याच्या गुडघ्यावरून टाकला आणि कैची घातली. ती काय आहे हे त्याला तिथल्या सगळ्यांपेक्षा चांगलं कळलं. त्याचा दम सुटला.

"सोड," तो म्हणाला. "गुडघा जाईल माझा."

"मीही हेच म्हणालो होतो," मी म्हणालो. "चढाई कोणाची?"

"तुझी."

"मोठ्याने सांग."

त्याने मान उचलून सांगितलं, "ती चढाई ह्याची होती." सगळ्यांनी ऐकलं. मी पाय काढला. पीळ द्यायचा मोह झाला होता, पण माझं अर्धंच काम झालं होतं आणि मला तो धडधाकट हवा होता, लंगड्याची लोकांना कीव येते.

त्या संध्याकाळपासून त्याला कॅप्टन म्हणणं बंद झालं. पोरं मला चढाई सांगायला लावायची आणि मी ती त्याच्या देखत, त्याच्या तोंडाकडे बघत सांगायचो. मला फार बरं वाटायचं. पण गुडघ्याचं तो बोलला नव्हता. ते मला त्याच्या घरी पोचवायचं होतं. बायकोचं नाव निघालं की त्याचा आवाज मऊ व्हायचा. तिच्या नजरेतून तो उतरला असता म्हणजे माझा वचपा पूर्ण झाला असता.

पुढे भारतीयांना मायदेशी न्यायला सुरुवात झाली तेव्हा आम्ही बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या हद्दीवर पोचलो, तंबूंत राहिलो, मग अम्मानहून विमान. वाटेत त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला दिलं. मी ते प्यालो आणि पुन्हा मनात वाक्यं जुळवत बसलो.

मुंबईच्या विमानतळाबाहेर त्याची बायको आली होती. रडून झालं, तिने त्याच्या गालावरून हात फिरवला, त्याने माझी ओळख करून दिली. मी तिथेच सुरू केलं. कैची, आवाज, माझी गेलेली नोकरी, मग चोरलेली चढाई, सगळं. त्याने खाली ठेवलेली बॅग उचलून हातात घेतली. तिने पदराला हात पुसत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ठाऊक आहे मला, भाऊजी," ती म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हाच सांगितलं ह्यांनी. चढाई तुमची होती हेही आणि गुडघ्याचंही." मग तिने माझ्या पायाकडे पाहिलं. "फार दुखतो का हो अजून?"

हा प्रश्न त्याने विचारायचा होता. मिठी मारली तेव्हा, पाणी दिलं तेव्हा, कधीही. विचारला असता तरी मी त्याला सोडलं नसतं, पण विचारायचा त्यानेच होता. तो बॅग धरून जमिनीकडे बघत उभा राहिला आणि उत्तराची वाट बघत राहिली ती. त्या बाईला मी काय सांगणार? नाही, म्हणालो. एवढ्या वर्षांत त्याला वाचवायला कोणीतरी खोटं बोललं, तर तो मी निघालो, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.